सुलभाच्या बरणीतला तारामासा

सुलभाच्या बरणीत फॉर्मॅलिन मी ओतलं होतं. ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या दूध संस्थेच्या ऑफिसात होतो, आणि रडू यायच्या आधी मला हेच आठवलं. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. उठतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो...

सुलभाचे आईवडील ऊसतोडीला जात तेव्हा ती धारूरला आमच्या घरी राहून शिकायची. मला भाऊ म्हणायची. पुढे ती समुद्री जीवांची अभ्यासक झाली आणि जहाजानं थेट दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात जाऊन आली. तिथले तारामासे हा तिचा विषय. कुणी पाच हातांचा, कुणी सूर्यफुलासारखा, कुणी भाकरीएवढा, कुणी नखाएवढा. "लई थंड पाणी, भाऊ. तिथं कितीतरी जातींत आई पिलं तोंडाखाली धरून बसती. तवर काही खात न्हाई." पिलं लांब वाहून जात नाहीत, म्हणून जागोजागी वेगळ्या जाती तयार होतात, असं ती सांगत होती. माझी आई मध्येच म्हणाली, "म्हंजे त्याईला पोरं सोडून उसाच्या फडावर जावं लागत न्हाई तर!" सुलभा इतकी हसली की बशीतला चहा सांडला.

शाळेतल्या पोरांना दाखवायला तिनं काही जादा नमुने स्पिरिटच्या बरण्यांत आणून दिले. शाळेत कपाट होईपर्यंत ते आमच्या संस्थेच्या थंड खोलीत ठेवले. "स्पिरिट उतरलं तर फोन कर, दुसरं काही टाकू नको," एवढंच तिनं बजावलं. मग दुष्काळ पडला. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, थंड खोली बंद करावी लागली. त्या उन्हाळ्यात स्पिरिट उडून तारामासे निम्मे उघडे पडले. दुधाचे नमुने टिकावेत म्हणून आम्ही त्यांत फॉर्मॅलिनचे थेंब टाकतो. दूध टिकतं तर हे का नाही टिकणार? फोन न करताच मी बरण्या काठोकाठ भरल्या. वर स्वतःवर खूशही झालो.

पुढं एकदा ती घाईघाईनं आली. त्यातला एक तारामासा वेगळ्याच, कुणी न नोंदलेल्या जातीचा असावा, अशी तिला शंका होती. जात तपासायला त्याच्या मांसातला डीएनए हवा होता, आणि त्या जागेचा दुसरा नमुना उरला नव्हता. झाकण काढताच तिनं नाक आखडलं.

"फॉर्मॅलिन? त्यानं डीएनए नासतो. मग आता यातून काही निघायचं न्हाई... भाऊ, तू टाकलंस का?"

"मी? मी झाकणाला हात लावला न्हाई."

तिनं झाकण परत घट्ट लावलं. "मग जहाजावर माझ्याच हातून घोटाळा झाला असंल."

त्यानंतर फोनवर कधी म्हणायची, "आता मी प्रत्येक बरणी दोनदा हुंगते बाबा." मी पावसाचं विचारायचो.

दहाव्याला सिरसाळ्याला, तिच्या आईवडिलांच्या गावी गेलो. तिची आई, गयामावशी, बायकांत बसली होती. मला बघून म्हणाली, "ह्यांच्याच घरी शिकली माजी लेक." मग डोळे पुसत, "पर एक तारामासा हातानं नासवला म्हणून शेवटपर्यंत झुरली. दवाखान्यातबी तेच."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"मावशी, तिनं न्हाई नासवला. मी नासवला. आणि तिच्या तोंडावर खोटं बोललो. तिची माफी मागायची राहून गेली... आता तुमची मागतो. मला माफ करा."