कॉईलची तार

मी १९८१ साली हवालदार म्हणून निवृत्त झालो. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. पंधरा वर्षांत पाच पोस्टिंग झाल्या. सहावी देवळीला, स्वतःच्याच अंगणात झाली आणि तिथून बदली नाही, असं बायको म्हणते. तिचं खरं आहे. सकाळी सहाला चहा व्हायच्या आत कोणाची तरी गाडी दारात उभी असायची. गुडघे तेव्हाच कुरकुरू लागले होते. फौजेत बरेच कोर्स केले, पण 'नाही' म्हणायचा कोर्स कोणी ठेवला नव्हता.

१९८३ च्या उन्हाळ्यात गुलाबभाऊ त्याची जीप घेऊन आला. गुलाबभाऊ म्हणजे नाईक मारोतीचा थोरला भाऊ. मारोती आणि मी फौजेत एकाच वर्कशॉपमध्ये होतो; नाईक हा त्याचा हुद्दा. १९७४ साली तो गेला. त्याच्या अस्थी घेऊन त्यांच्या गावी, देवळीपासून तीन कोसांवर, मीच आलो होतो. तेव्हा त्याच्या मायसमोर एवढंच म्हणालो, "ड्युटीवर गेला." गावानं त्या ड्युटीची लढाई केली. फोटोखाली रंगाऱ्याकडून 'सीमेवर शहीद' लिहून घेतलं. मी ते वाचलं आणि गप्प बसलो.

जीप जुनी, लिलावातली. गुलाबभाऊ तिच्यातून वर्ध्याच्या सवाऱ्या मारायचा. इंजिनच्या पुढच्या सीलमधून ऑइल गळत होतं. सील बदलायचं तर क्रँकची पुली काढायला हवी, आणि पुली काढायची तर तिच्या तोंडावरचा मोठा नट आधी सुटायला हवा. पहिला दिवस त्यातच गेला. नटाला रॉकेल पाजलं, स्टोव्हनं शेकलं, पान्यावर पाइप चढवून दोघं लोंबकळलो. नट रुसलेल्या जावयासारखा बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गुलाबभाऊचा धीर सुटला. परवा त्याची लग्नाची सवारी ठरलेली होती.

"हवालदार, पाना चेसिसले टेकवून मी धरतो. तुमी स्टार्टर मारा. एका झटक्यात सुटते."

"नाई."

"काऊन नाई? सारे मिस्त्री असंच करून राह्यले."

"हात काढ."

"अजी, पन दोन दिवस झाले..."

"हात काढ म्हनतो ना! पाना खाली ठेव!"

आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा. बायको दारात आली. गुलाबभाऊनं पाना खाली ठेवला. मी मडगार्डला टेकलो. मला फार थकवा आला होता आणि तो नटाचा नव्हता.

"मारोती असाच गेला," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं.

उत्तरेत, साडेबारा हजार फुटांवर आमची डिटॅचमेंट, म्हणजे वर्कशॉपची छोटी तुकडी होती. रोजचं काम ठरलेलं. पाचला उठायचं, बर्फ झाडायचा, इंजिनं गरम करायची, साडेसहाला कॉन्व्हॉय सोडायचा. त्या सकाळी एका वन-टन गाडीची पुली अशीच अडून बसली. सहा वाजून दहा मिनिटांनी रेडिओ बोलला.

"गाडी तयार? ओव्हर."

"वीस मिनिटं. ओव्हर."

"दहा. आउट."

मारोतीनं नटाला पाना लावला आणि त्याचं टोक चेसिसला टेकवून धरलं. स्टार्टरनं इंजिन फिरतं, पाना अडतो, नट सैल होतो. मात्र आधी कॉईलची तार काढावी लागते, म्हणजे इंजिन पेट घेत नाही. ते काम माझं. मी केबिनमध्ये होतो. मारोती समोरून ओरडला, "तार?" मी म्हणालो, "काढली." काढली नव्हती. बोटं बधिर झाली होती, आदल्या गाडीची काढली होती, तीच डोक्यात राहिली. मी स्टार्टर दाबला. इंजिन धडाडून चालू झालं. पाना निसटून मारोतीच्या छातीत बसला.

फौजेच्या चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, मी 'पाना निसटला' एवढंच सांगितलं. तारेचा शब्द काढला नाही. मला भीती वाटली होती.

गुलाबभाऊ पान्याजवळ खाली बसला. मग म्हणाला, "तार तुमची होती."

"माहीच."

तो उठला, हात धुतले आणि चहा न घेता एसटीनं निघून गेला. जीप अंगणात राहिली. मला वाटलं, आता तो येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो आला. आम्ही चाकांना दगड लावले, इंजिन फिरू नये म्हणून गाडी टॉप गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला. नटाला रिंग पाना लावून त्याच्यावर हातोड्यानं घाव घालत राहिलो, आळीपाळीनं. अकराला नट सुटला. मग पुली ओढून काढायचा पुलर लावला आणि पुली केसा-केसानं पुढे आली. तीनपर्यंत नवा सील बसला.

"बसा जीपमधी," गुलाबभाऊ म्हणाला. "मायले तुमीच सांगा."

माय ओसरीवर तूर निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं, तारेसकट. शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. तिचे हात सुपात थांबले.

"लगेच गेला का?"

"नाई माय. दहा मिनिटं होता."

"जवळ कोन होतं?"

"मीच. डोकं माह्या मांडीवर होतं."

"बोलला काई?"

"थंडी वाजते म्हने. माहा कोट टाकला अंगावर."

ती तारेबद्दल काहीच बोलली नाही. पदरानं तोंड पुसलं.

"नऊ वर्सं झाली बापा, मी त्याले बर्फात एकटाच पडलेला पाहून राह्यली. गोळी लागलेला, हाका मारत, जवळ कोनी नाई. तू होता, तं मले हे काऊन नाई सांगतलं?"



नाईक मारोती, व्हेईकल मेकॅनिक, वय सत्तावीस. सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी गेला. तार काढायचं काम माझं होतं. तो एकटा नव्हता, एवढं त्याच्या मायला सांगायला मी नऊ वर्षं लावली.