उत्तर आलं, नाव नाही

चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "घरात कुणाला शुगर? हार्टचा त्रास?" मी म्हटलं, "माहीत नाही. मी दत्तक आहे." आमच्या घरात हे कधी लपवलेलं नव्हतं, तात्यापारा या आमच्या मोहल्ल्यातल्या गल्लीलाही ठाऊक होतं. डॉक्टरांनी रकाना कोरा सोडला. तो मात्र मला डाचू लागला.

आईला सांगायला आठ दिवस लागले. ती मेथी निवडत होती. "मग विचारून घे ना," ती म्हणाली. "मले सांगाले काहून भीत होती? मीच येतो संगं."

ज्या संस्थेतून मला आणलं होतं, तिथल्या बाईंनी माझी फाइल काढली, पण आपल्याच हाताखाली ठेवली. हातभर अंतरावर मला जन्म देणारीचं नाव होतं. "प्रश्न लिहून द्या," त्या म्हणाल्या. "आम्ही त्यांना गुपचूप विचारू. त्या नको म्हणाल्या तर नाव-पत्ता मिळणार नाही."

मला राग आला. जन्म माझा आणि परवानगी दुसऱ्याची. बाहेर आल्यावर मी तसं बोललेही. आई चप्पल घालता घालता म्हणाली, "तिच्या घरी कोणाले माहीतच नसन तं? तिनं काय करावं?" मी परत आत गेले आणि प्रश्न लिहून दिले.

तीन महिन्यांनी बाईंनी बोलावलं. नाव सांगायला आणि भेटीला नकार होता. पण प्रश्नांची उत्तरं तिनं दिली होती. तिच्या आईला शुगर, हार्टचं कुणालाच काही नाही. शिवाय न विचारलेलंही एक सांगितलं होतं: मी सकाळी जन्मले, तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजत होता, आणि मी दचकले नाही.

नवरा म्हणाला, "भोंगा म्हणजे कारखान्यांची वस्ती, उरला नाही तर भनपुरी. शोधता येईल." मी नको म्हटलं. तिनं विश्वासानं सांगितलेल्या गोष्टीवरून तिचा माग काढणं मला जमलं नसतं. खरं तर तेवढ्यानंच माझं मन भरलं होतं. दोन दिवस मी ते वाक्य मनात घोळवत कामं करत होते.

मग मी तिच्यासाठी चिठ्ठी लिहिली, नावाशिवाय. मी बरी आहे, शाळेत शिकवते, मुलगी दहावीला आहे. आईनं वाचून परत दिली.

"झोप चांगली लागते, हेही लिही. मायले त्याचीच काळजी राहते."

मी तेही लिहिलं आणि चिठ्ठी बाईंकडे देऊन आले.