उप्पु तण्णी

चेन्नईत राहायला आलं की आधी नळ ओळखायला शिकावं लागतं. अण्णा नगरातल्या माझ्या भाड्याच्या घरात दोन आहेत, एक पिण्याच्या पाण्याचा आणि एक बोअरचा. बोअरच्या जड पाण्याला इथे सगळे ‘उप्पु तण्णी’ म्हणतात, म्हणजे खारं पाणी. खारं कसलं, साबणाला फेस येत नाही इतकंच. शब्द असे सैल वापरलेले मला खपत नाहीत, पण मला विचारतो कोण.

शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात मी भाताच्या वाणांचे आकडे बघते. तेच वाण कुठे कालव्यावर, कुठे तळ्यावर, कुठे नुसत्या पावसावर लावायचे आणि जागा बदलली तरी कोणाचं उत्पन्न डळमळत नाही ते शोधायचं. असा एक वाण हाती लागला होता. अक्का, म्हणजे आमच्या तंजावरी मराठी साहेबीणबाई, त्याच्यावर बेहद्द खूश होत्या. समुद्राजवळच्या शेताचा एक कोपरा त्यांच्या धाकट्या भावाने चाचणीला दिला होता. मागच्या हंगामात कालव्याच्या पाण्यावर तिथेही पीक चांगलं आलं, म्हणून यंदा तो सगळ्या शेतात हाच वाण लावणार होता.

लावणी आधी कोपऱ्यात झाली. थोड्याच दिवसांत भावाचा फोन आला की पातींचे शेंडे करपताहेत. यंदा कालवा कोरडा होता, पाणी विहिरीचं होतं. विहिरीत काय आहे, असं अक्कांनी विचारलं तर तो म्हणाला, उप्पु तण्णी.

अक्का हसल्या. “तेंच आमच्या घरीं पण येतं की, मा. त्यानं कोण मेलं?”

मला हसू आलं नाही. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी खरंच खारं असू शकतं. उरलेली लावणी थांबवायला सांगा, म्हणून मी त्यांच्या मागेच लागले. माझी कटकट नको म्हणून त्यांनी भावाकडून बसने पाण्याची एक बाटली मागवली.

पाणी नितळ होतं. मी जिभेला लावलं आणि बाटली अक्कांपुढे सरकवली. त्यांनी चांगला घोट घेतला, तो त्यांना गिळता येईना. बेसिनपाशी जाऊन थुंकून आल्या आणि उभ्याउभ्याच भावाला फोन लावला.

उरलेली लावणी सकाळीच उरकली होती. शेत कसं हिरवंगार दिसतंय ते तो कौतुकाने सांगत होता. काळजी कसली, अक्का, तूच म्हणालीस ना, हा वाण कुठेही टिकतो.

अक्कांनी फोन ठेवला. माझ्या स्क्रीनवर त्या वाणाच्या उत्पन्नाची, सगळ्या जागांवर न डळमळणारी सरळ रेघ अजून उघडी होती. तिच्याकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, “ह्यांत समुद्र होता काय?”

नव्हता, मी म्हणाले.