टाकीच्या झाकणावरची तारीख

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या तालुक्याच्या आयटीआयमधल्या डिझेल मेकॅनिकच्या सरांचा. घरात माझ्याआधी कुणी दहावीपुढे गेलं नव्हतं. डिप्लोमाचा आणि नंतर डिग्रीचा, दोन्ही फॉर्म सरांनी समोर बसवून माझ्याकडून भरून घेतले. वर्कशॉपमध्ये त्यांचा एक नियम होता: डिझेल भरलं की पिंपावर खडूनं तारीख लिहायची, आणि तारीख जुनी झाली की पिंप धुवायचं. आम्हाला तो जाच वाटायचा.

आता इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत डायलिसिसच्या पेशंटची ने-आण करणाऱ्या मिनीबस मी सांभाळतो. इथेही टाकीच्या झाकणाच्या आतून खडूनं तारीख घालतो. आमचा जुना ड्रायव्हर म्हणायचा, याची शाळा अजून सुटलेली नाही.

गेल्या डिसेंबरात एक बस बिघडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला आवारात उभी असलेली जादा बस काढायची ठरली. रात्री तापमान उणे सात होणार होतं. मी झाकण उघडलं. तारीख ऑगस्टची.

आमच्या गावी डिझेल बारा महिने एकच. इथे उन्हाळ्याचं वेगळं, हिवाळ्याचं वेगळं. उन्हाळ्याचं डिझेल कडक थंडीत खोबरेल तेलासारखं थिजतं, फिल्टर तुंबतो आणि गाडी अडते.

तोच ड्रायव्हर म्हणाला, "कपाटात ती डिझेल थिजू नये म्हणून घालायच्या ॲडिटिव्हची बाटली आहे ना? सकाळी नाही सुरू झाली तर ओत."

"थिजल्यावर त्याचा उपयोग नाही," मी म्हणालो. "पातळ आहे तोवरच मिसळायला हवं. आत्ताच."

दुपारीच बाटलीवरच्या मापानं ॲडिटिव्ह टाकलं, वरून पंपावरचं हिवाळी डिझेल भरलं आणि मिश्रण फिल्टरपर्यंत पोचावं म्हणून रिंग रोडला दोन चकरा मारल्या.

सकाळी काचेवरचं बर्फ खरवडताना बोटं बधिर झाली. बस मात्र पहिल्याच किल्लीला सुरू झाली. सहाही पेशंट वेळेवर पोचले. पुढच्या वेळी डिझेल भरल्यावर ड्रायव्हरनं माझ्याकडे खडू मागितला.

त्या रविवारी मी सरांना पत्र लिहिलं:

"सर, सविनय जय भीम. इथली थंडी तुमच्या खडूनं निभावली. सगळं सविस्तर फोनवर सांगेनच, पण एक गोष्ट लिहूनच सांगायची होती. एकदा पिंप धुवायचा कंटाळा आला म्हणून मी त्यावर खोटी तारीख घातली होती. तुम्ही ती पुसलीत, पिंप स्वतः धुतलंत आणि खडू परत माझ्या हातात दिलात. रागावला नाहीत. परवा सहा आजारी माणसं माझ्या तारखेच्या भरवशावर बसमध्ये बसली. ती तारीख खरी होती, सर."