दर फेब्रुवारीत अर्धा राहिलेला फॉर्म

आमची लॅब बुधवार पेठेत आहे. खाली पुस्तकांची दुकानं आणि वर दुसऱ्या मजल्यावर दोन खिडक्यांची एक खोली. लॅब म्हटलं की लोकांना रक्त तपासायची जागा वाटते. आमच्याकडे दात बनतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवतात, त्यात प्लॅस्टर ओतून आम्ही जबडा काढतो आणि त्या जबड्यावर कवळी तयार करतो. माझे अब्बा तीस-बत्तीस वर्षं हेच काम करत आलेत. त्यांच्याआधी आमच्या घरात कुणी दातांच्या वाटेला गेलं नव्हतं. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. बारीक हात आपल्या घराण्यातच आहे, असं अम्मी म्हणते आणि मग मी लाटलेल्या पोळ्यांकडे बघते.

खिडकीखालच्या फळीवर जबडे वाळत ठेवलेले असायचे. दुपारी तीनच्या सुमाराला ऊन तिरपं आत यायचं, प्लॅस्टरची धूळ त्यात हलकेच तरंगत राहायची आणि ती पांढरी तोंडं काही सांगायला लागल्यासारखी दिसायची. मी हातातलं काम ठेवून बघत बसायचे. कुणाच्या पुढच्या दाताला बारीक खाच असायची, म्हणजे हा माणूस दातानं दोरा तोडणारा, शिंपी असणार. कुणाच्या दाढा एका बाजूनं झिजलेल्या, म्हणजे दुसरी बाजू कधीची दुखत असणार. प्रत्येक जबड्याला डॉक्टरच्या नावाची चिठ्ठी असायची. पेशंटचं नाव कधीच नसायचं. मी मनातल्या मनात प्रत्येकाला चेहरा द्यायचे, मग आवाज, मग घर. कधीकधी अब्बांची हाक तीनदा आली तरी मला ऐकू यायची नाही.

मला दातांची डॉक्टर व्हायचं होतं, ते यातूनच. ज्यांचे जबडे फळीवर आहेत ती माणसं मला समोर खुर्चीत बसलेली हवी होती.

दातांच्या कॉलेजला जायचं तर नीट ही परीक्षाच द्यावी लागते, जी मोठ्या डॉक्टरकीसाठी देतात तीच. तिचा फॉर्म फेब्रुवारीच्या आसपास निघतो, महिनाभर उघडा राहतो आणि बंद होतो. बारावीच्या वर्षी मी तो भरायला घेतला. नाव, पत्ता, फोटो, सही, सगळं झालं. शेवटचं बटण तेवढं राहिलं होतं. त्याच आठवड्यात अब्बा लॅबच्या जिन्यावरून घसरले आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. कवळ्या अर्धवट पडल्या होत्या, डॉक्टरांचे फोन येत होते. अम्मी म्हणाली, "एवढा महिना जाऊ दे." मी कॉलेज सुटलं की लॅबमध्ये बसायला लागले. अब्बा शेजारी स्टुलावर बसून डाव्या हातानं दाखवायचे आणि मी मेणात दात लावायचे. फॉर्म बंद झाला ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पुढच्या फेब्रुवारीत परत भरायला घेतला. त्या वर्षी आपाचं, माझ्या मोठ्या बहिणीचं, लग्न होतं. त्याच्या पुढच्या वर्षी अभ्यास झाला नाही असं वाटलं. त्यानंतर कारणं शोधायचंही मी सोडून दिलं. थंडी ओसरायला लागायची, रस्त्याकडेच्या बदामाची पानं लाल व्हायची आणि मी लॅपटॉप उघडून बसायचे. दर वर्षी नवा फॉर्म, दर वर्षी तेच नाव. सगळ्यात शेवटी, सबमिटच्या आधी, भरलेली माहिती एकदा पूर्ण दिसते. ती मी सावकाश वाचायचे. वाचताना फार छान वाटायचं. पांढरा कोट दिसायचा, खुर्ची दिसायची, खुर्चीत मान मागे टाकून बसलेलं कुणीतरी दिसायचं. मग मी लॅपटॉप मिटायचे. फॉर्म गेलाच नाही तर नापास होण्याचा प्रश्नच नव्हता.

सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरीणबाईंचं काम आमच्याकडे यायचं. पांढरे केस, कडक इस्त्रीची साडी, दुपारी एक ते चार कुणाला दार उघडायच्या नाहीत. ठसे आणायला मी जायचे तेव्हा त्या दर वर्षी विचारायच्या, "भरलात का फॉर्म?"

"भरणार आहे," मी म्हणायचे.

"अहो, मुहूर्त सापडत नसेल तर सांगा, घरात पंचांग आहे."

मी हसायचे. त्या हसायच्या नाहीत.

असे आठ फेब्रुवारी गेले. मी सव्वीस वर्षांची झाले. कवळ्या आता बऱ्याचशा मीच करत होते. अब्बांचा हात बरा होऊन जमाना झाला होता, पण डोळे थकले होते.

त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी मी वारज्याच्या एका दवाखान्यात काम पोचवायला निघाले होते. दुपारची बस, डोक्यावरचं ऊन, अर्धे लोक पेंगत होते. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई येऊन बसल्या. नऊवारी नव्हे, साधी गोल साडी, मांडीवर मेथीची पिशवी. खिडकीबाहेर बघता बघता त्यांना जांभई आली आणि मला त्यांचे दात दिसले. वरच्या पटाशीच्या दातांतला एक शेजारच्यावर जरासा चढलेला.

तो दात मी चढवला होता.

चार-पाच महिन्यांपूर्वी वारज्याच्याच दवाखान्यातून ठसा आला होता आणि सोबत लग्नातला जुना फोटो. पेशंटचं म्हणणं होतं की नवे दात सरळ नकोत, होते तसेच करा. सगळे जण एकसारखे पांढरे दात मागतात. वाकडा दात मागणारं माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटलं होतं. तो एक दात नीट वाकडा बसावा म्हणून मी दोन दिवस घालवले होते. आता तो माझ्या शेजारी बसून जांभई देत होता. मला क्षणभर वाटलं, मी लॅबमध्येच बसून हे सगळं बघतेय.

मग बाईंनी पिशवीतला शेंगदाणा तोंडात टाकला आणि माझ्या लक्षात आलं की त्या चावत नव्हत्या. उजव्या गालात धरून नुसता भिजवत होत्या. गिळताना कवळीचा बारीक टक्क आवाज आला.

मी म्हटलं, "एक विचारू का? चावताना डावीकडचे दात आधी टेकतात का?"

त्यांनी पदर तोंडावर घेतला. "तुले कसं कळलं?"

"ही कवळी आमच्याकडे तयार झालीय. हा पुढचा दात मीच बसवलाय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पदर बाजूला केला आणि मोकळ्या झाल्या. मूळच्या अमरावतीकडच्या. मुलगा हिंजवडीला कंपनीत होता, म्हणून इकडे राहायला आल्या होत्या. कवळी बसवल्यापासून भाकर दुधात कुस्करून खात होत्या.

"कुणाला सांगितलं नाही?" मी विचारलं.

"पोरानं सुटी काढून नेलं होतं दवाखान्यात. त्याले कायले सांगू? मले वाटलं माह्याच तोंडात खोट हाय."

"तुमच्यात काही नाही. डावीकडची मागची दाढ केसभर उंच राहिलीय. तेवढी घासली की झालं."

"मंग दे ना घासून."

"मला नाही येत. म्हणजे येतं, पण मी करायचं नाही. तोंडात बघून डॉक्टरच करतात."

"अन् तू डॉक्टर नाहीस?"

"नाही."

त्यांना त्यात काही तरी गमतीचं वाटत असावं. "बनवलं तू," त्या म्हणाल्या, "अन् घासाले दुसरा?"

मी त्यांना बरोबर दवाखान्यात चला म्हटलं. त्यांना घरी जायची घाई होती, नातू शाळेतून यायचा होता. मग डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं ते मी चिठ्ठीवर लिहून दिलं. वारज्याच्या पुलाजवळ त्या उतरल्या. उतरताना माझ्याकडे बघून हसल्या आणि तो वाकडा दात पुन्हा दिसला. त्यांच्या चेहऱ्यावर तो इतका शोभत होता की बस सुटल्यावर मला एकदम रडू आलं. मी मनात दिलेला चेहरा अगदीच वेगळा होता.

लॅबमध्ये येऊन अब्बांना सांगितलं. त्यांनी तो जबडा आणि त्या कवळीची प्लॅस्टरची नक्कल फळीवरून शोधून काढली, जबड्यासारख्या हलणाऱ्या पितळी सांगाड्यात लावून उघडझाप करून पाहिली. "इथं तर बरोबर बसतेय," ते म्हणाले. मग सांगाडा खाली ठेवला. आम्हा दोघांनाही माहीत होतं, प्लॅस्टर गिळत नाही, जांभई देत नाही. पाच-सहा दिवसांनी वारज्याच्या दवाखान्यातून फोन आला. बाई येऊन गेल्या होत्या, दाढ घासून दिली होती, आणि 'त्या पोरीले सांगा' असा निरोप होता. काय सांगा, ते फोनवरच्या मुलीच्या लक्षात राहिलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी सदाशिव पेठेत गेले आणि या वेळी मीच विचारलं, "फॉर्म निघाला की कधी भरावा?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "पहिल्या आठवड्यात. शेवटच्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला एकदम जाग येते. आणि तुमच्या नावात काही तरी घोळ निघणार."

"माझ्या नावात कशाला?"

"सगळ्यांच्या निघतो. तुम्ही काय वेगळ्या आहात?"

निघालाच. दहावीच्या दाखल्यावर माझ्या नावात एक अक्षर जास्त होतं आणि आधार कार्डावर नव्हतं. आठ वर्षं मी ते नाव इतक्या प्रेमानं वाचत आले होते, पण दाखल्याशी ताडून कधी पाहिलं नव्हतं. आधार दुरुस्त होऊन यायला बारा दिवस लागले. शेवटच्या दिवसाची वाट पाहिली असती तर ते वर्षही गेलं असतं.

सगळं जुळलं त्या दिवशी सकाळी लॅबमध्येच लॅपटॉप उघडला. अब्बा बेसिनपाशी हात धूत होते. शेवटची माहिती समोर आली. मी ती या वेळी वाचली नाही. "दाबू?" मी विचारलं.

अब्बा हात पुसत माझ्यामागे येऊन उभे राहिले. "तुझा फॉर्म मी अडवला," ते म्हणाले. "त्या दिवशी जिन्यावर नीट पाय टाकला असता तर..."

एवढी वर्षं ते हे मनात धरून बसले असतील, असं मला कधी वाटलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

"तुमचा हात दोन महिन्यांत बरा झाला होता, अब्बा," मी म्हटलं. "नंतर मीच घाबरत होते."

त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि शेजारी बसले. मी बटण दाबलं. थोडा वेळ चक्र फिरलं आणि अर्जाचा नंबर आला. खालून पुस्तकवाल्याचा कुणाशी तरी वाद चालल्याचा आवाज येत होता. अब्बांनी तो नंबर स्वतःच्या अक्षरात कॅलेंडरवर लिहून ठेवला.

नंतरचे तीन महिने सकाळी अभ्यास आणि दुपारी मेण असे गेले. आठ वर्षांनी फिजिक्स उघडलं तेव्हा ते अनोळखी माणसासारखं बघत होतं. मेमध्ये परीक्षा झाली. मार्क बरे पडले, डोळे दिपण्यासारखे नाहीत. मामा घरी येऊन म्हणाले, "आणखी एक वर्ष थांब, मोठ्या डॉक्टरकीला मिळेल." मी त्यांना चहा दिला आणि थांबणार नाही म्हणून सांगितलं. कॉलेजांची यादी भरायची वेळ आली तेव्हा फक्त दातांची कॉलेजं टाकली, आणि ती पहिल्याच दिवशी.

मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. शिवाजीनगरला कोर्टाबाहेर टायपिस्ट बसतात, तिथे गेले. टायपिस्टकाका न विचारता टाइप करायला लागले, 'सदर कालावधीत मी कोणतेही शिक्षण घेतलेले नाही.'

"घेतलं होतं," मी म्हटलं.

"कुठं?"

"वडिलांच्या लॅबमध्ये."

"ॲडमिशन होती?"

"नाही."

"मग नाही घेतलं," ते म्हणाले आणि पुढची ओळ टाइप केली. मी सही केली.

पहिल्या फेरीत नंबर लागला नाही. दुसऱ्या फेरीत लागला, पुण्यापासून तीन-साडेतीन तासांवरच्या गावात. अब्बा सोडायला आले. कागद देऊन झाल्यावर एका शिक्षकांनी आम्हाला पहिल्या वर्षाची लॅब दाखवली. तिथे मुलं मेणात दात कोरायला शिकतात. अब्बा एका टेबलापाशी थांबले, कुणी तरी अर्धा सोडलेला सुळा उचलून उजेडात धरला आणि परत होता तसा ठेवला. शिक्षकांनी विचारलं, "आपण काय करता?" अब्बा म्हणाले, "दात बनवतो." शिक्षकांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि दोघं पोर्सेलिनवर इतका वेळ बोलत बसले की अब्बांची दुपारची बस चुकली. चारच्या बसनं ते गेले. खिडकीतून हात बाहेर काढून नुसता धरून ठेवला, हलवला नाही.

मी हॉस्टेलवर आले. खोलीत दोघी जणी सामान लावत होत्या, नुकती बारावी झालेल्या. मी दार लोटलं तशा दोघी ताडकन उभ्या राहिल्या आणि एका सुरात म्हणाल्या, "गुड आफ्टरनून, मॅम."

"मी मॅम नाही," मी म्हटलं. "तिसरा पलंग माझाय."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग त्यांतल्या एकीनं पलंगावरचे स्वतःचे कपडे पटापट उचलले, आणि मी बसले.