मंगलाचा पितळी गंज

टण… टण… टर्रर्र!

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या मंगलाच्या लग्नाआधी. तिला द्यायला म्हणून गोंदियाच्या बाजारातून पितळेचा गंज आणला, घरच्या सगळ्यांचा भात शिजेल एवढं मोठं पातेलं. आमच्या गावी, नवेगाव बांधला, एसटीच्या टपावरून उतरवताना तो माझ्या हातून निसटला अन् दाणकन रस्त्यावर पडला. बुडाला पोचा आला. तेव्हापासून कुठंही ठेवा, आधी डुलायचा, मग म्हाताऱ्याच्या घशासारखा घरघरून थांबायचा. मी बदलून आणायला निघालो, तर पोरगी म्हणते, "राहू द्या बाबा. कोनी चोरला तर आवाजावरून ओळखू येईल."

आता या एका वाक्यानं पुढं माझी कशी फजिती केली, ते ऐका. मात्र मध्ये बोलू नका. मी मुळात हळू बोलणारा माणूस. मी गावाचं नाव पुरं सांगेस्तोवर कंडक्टर पुढच्या सीटवर पोचलेला असतो!

मंगलाला दिली प्रतापगडला. साताऱ्याच्या नव्हे हो, आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या! डोंगरावर जुना किल्ला, महादेव, जवळच दर्गा, अन् पायथ्याला गाव. शिवरात्रीला मोठी जत्रा भरते. लेकीला पाहायला मला तेवढंच निमित्त पुरलं.

गेलो. अंगणात पाय धुतले. मंगलानं पाण्याचा गडवा पुढं केला. अन् मी मान हलवली.

काय आहे, आमच्या घरी एक रीत होती. लेकीला मूलबाळ होईस्तोवर बापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. माझ्या बापानं पाळली, म्हणून मीही पाळत होतो.

"मामाजी, जमाना बदलला," जावई म्हणाले.

"मी… नाही… बदललो," मी म्हणालो. एवढं बोलेपर्यंत मंगलाचा हात गडव्यासकट तसाच पुढं. मग तिनं तो मुकाट्यानं खाली ठेवला. पण रीत म्हणजे रीत!

शेवटी जावयांनीच तोड काढली. डोंगराच्या वाटेवर भागरताबाई म्हणून एक म्हातारी एकटी राहत होती. तिच्या ओसरीवर झोपायचं, तिच्याकडंच जेवायचं, अन् दिवसा लेकीला भेटून यायचं.

अन् जेवण काय सांगू! वांग्यात सुके झिंगे, गरम भात. मी बोटं चाटली. "बाई," मी म्हटलं, "तुमच्या हाताले चव आहे. आमची मंगला तर मीठ टाकायचंच विसरते. तिले तुमच्याकडं शिकायले धाडतो."

भागरताबाई इतकी हसली, इतकी हसली की खांबाला धरून उभी राहिली. मला वाटलं, कौतुकानं बाई लाजली!

दुसऱ्या दिवशी मंगलाच्या घरी बसलो असताना माझं लक्ष फळीवर गेलं. सगळी भांडी ओळीनं, अन् मधली गंजाची जागा रिकामी.

"गंज कुठं आहे वं?"

तिनं मान खाली घातली. "घासाले टाकला."

मी अंगणात पाहिलं. घासायच्या भांड्यांत गंज नव्हता. पोरगी माझ्याशी खोटं बोलली? काऊन? माझा जीव खालीवर. हिला काही त्रास तर नाही?

त्याच विचारात भागरताबाईच्या ओसरीवर जेवायला बसलो. अन् आतून आवाज आला.

टण… टण… टर्रर्र!

झालं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जावयानं माझ्या लेकीचा गंज विकला! आज गंज विकला, उद्या काय विकेल? आयुष्यात कधी आवाज न चढवलेला मी ताडकन उठलो, आत शिरलो, भाजीनं भरलेला गरम गंज धोतराच्या सोग्यानं धरला अन् निघालो.

"अगा बुढ्या, कुठं जाऊन राहिला? भाजी सांडन ना!" भागरताबाई मागून ओरडत होती.

वाटेत जत्रेची ही गर्दी. भाजी सांडू नये म्हणून मी उपरण्याची चुंबळ करून गंज डोक्यावर घेतला. अनवाणी म्हातारा, डोक्यावर चकचकीत पितळ, डोळ्यांत पाणी! लोकांना वाटलं, नवसाचा गंज आहे. बाया हात जोडू लागल्या. कोणीतरी "हर हर महादेव" म्हटलं, अन् बघता बघता माझ्यामागं मिरवणूकच लागली. एकानं तर मला वाकून नमस्कार केला. डोक्यावर वांगी घेऊन मी त्याला आशीर्वाद दिला!

अशा थाटात मी जावयाच्या अंगणात.

"जावईबापू! गंज… कायले… विकला?"

"कोनता गंज, मामाजी?"

"हा! भागरताबाईच्या घरी सापडला!"

तेवढ्यात भागरताबाई धापा टाकत पोचली. "अगा, विकला कायचा! तो गंज रोज तुह्या लेकीच्याच घरून येते ना! तूच तिच्या घरचं खात नाहीस, म्हणून पोरगी रांधते अन् मागच्या दारानं माह्याकडं देऊन जाते!"

मिरवणुकीतला एक जण म्हणाला, "म्हंजे बुढा रोज लेकीचंच खाऊन राहिला?"

"खाऊन राहिला अन् वरून म्हनते, लेक मीठ विसरते!" भागरताबाईनं उरलंसुरलंही सांगून टाकलं.

जो हशा पिकला! ज्यानं नमस्कार केला होता, तोच सगळ्यात मोठ्यानं हसत होता. माझी रीतही गेली, आशीर्वादही वाया गेला.

मंगला पुढं आली. तिनं माझ्या डोक्यावरून गंज उतरवला, जमिनीवर ठेवला. टण, टण, टर्र. ताट वाढलं, गडवा भरून ठेवला, अन् समोर उभी राहिली.

मी गडवा उचलला अन् सगळ्यांसमोर घटाघटा पाणी प्यालो.

ती आत गेली. मला वाटलं, रडायला गेली असेल. तर आली ती मिठाची बरणी घेऊन. ती माझ्या ताटाशेजारी ठेवली, अन् आत निघून गेली.