आत्या थांबवेलच

हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरात आत्याच्या फाटकाला सायकल टेकवली तेव्हा माझी एकच इच्छा होती. हिनं मला आता पुढं जाऊ देऊ नये.

मिरजेहून गोकर्णापर्यंत एकटी सायकलनं जाणार, असं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐटीत जाहीर केलं होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अशा गोष्टी जाहीर करायला फार आवडतं. निघताना गल्लीनं ओवाळलं, मुलांनी फोनवर स्टेटस ठेवलं. आमच्या ह्यांनी मात्र चाकातली हवा अंगठ्यानं दाबून पाहिली आणि "बरंय" म्हणाले.

बेळगाव येईतो माझी सगळी रग जिरली. गुडघे, कंबर आणि बसायची जागा, तिघांनी मिळून संप पुकारला. तिथून गोकर्णाला खानापूर-हल्याळवरून नीट रस्ता जातो. मी पोरांना भूगोल शिकवते, मला हे ठाऊक नसायला नको. तरी मी सायकल धारवाडकडं वळवली, कारण तिकडं आत्या होती.

आत्या म्हणजे आमच्या घराण्याची नकारघंटा. लहानपणी तिनं आम्हाला झोक्यावर उभं राहू दिलं नाही, पोहायला जाऊ दिलं नाही, चिंचेच्या झाडाकडं बघू दिलं नाही. त्यात पाहुण्याला आग्रहानं अडकवून ठेवण्यात इकडच्या घरांचा हात कुणी धरायचा नाही. आपणहून परत फिरले असते तर स्टाफरूममध्ये नाक कापलं गेलं असतं. "आत्यानं सोडलंच नाही हो" म्हटल्यावर कोण काय बोलणार? अशी ही माझी योजना.

दार उघडून आत्यानं मला आपादमस्तक पाहिलं. मी चेहरा होता त्याहून जास्त पाडला.

"आलीस? हातपाय धू," ती म्हणाली. "उद्या विश्रांती ना तुझी? मग उणकलच्या बेट्टावर (टेकडीवर) चालत जाऊन येऊ. पाय मोकळे होतील."

सत्तरी ओलांडलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? शिवाय दिवसभर सोबत असली की कधीतरी थांबवेलच, असं वाटलं.

सकाळी निघताना पहिली फजिती झाली. माझ्याजवळ फक्त सायकलचे बूट, तळाला लोखंडी पट्टी असलेले. फरशीवर म्हशीसारखे टापटाप वाजले. आत्यानं आपले कॅनव्हासचे बूट दिले, ते बोटांना चावत होते. शेजारच्या सरोजक्का सोबत आल्या. त्यांची भाषा कन्नड, आत्याचं निम्मं मराठी निम्मं कन्नड, आणि माझं कन्नड 'साकु' (पुरे) या शब्दापाशी संपतं. तो शब्द दिवसभर फार उपयोगी पडला, पण ऐकला कुणी नाही.

मोठा रस्ता सोडून आम्ही शेतांच्या कडेनं निघालो. डिसेंबरचं कोवळं ऊन होतं, दोन्ही बाजूंना जोंधळा आणि हरभरा. एका रानाला नुकतं पाणी पाजलं होतं. त्या दोघी बांधावरून गेल्या. मी शहाणी, जवळची वाट म्हणून रानातून गेले आणि काळ्या मातीत पोटरीपर्यंत रुतले. दोघींनी एकेक हात धरून मला उपटून काढलं. एक बूट आत राहिला, तो आत्यानं काठीनं काढला.

ही संधी मी सोडली नाही. "आत्या, पुढं यल्लापूरच्या बाजूला जंगल आहे म्हणे. सगळा घाट."

"हो, झाडी फार सुरेख आहे. सावलीतून जाशील."

थोड्या वेळानं मी लंगडले. "गुडघा कटकट वाजतोय ग."

आत्यानं हे सरोजक्कांना कन्नडमध्ये सांगितलं. त्यांनी पिशवीतून बाम काढला, मला दगडावर बसवलं आणि असा काही रगडला की गुडघा खरोखरच बरा झाला. मला भारी राग आला.

उणकलच्या तळ्यापाशी गिरमिटाच्या (कांदा-चिंच घालून कालवलेल्या चुरमुऱ्यांच्या) गाड्यावर थांबलो. सोबत गरम मिरची भजी. गाडेवालीला आत्यानं माझी सगळी हकिकत सांगितली, मी गोकर्णाला पोचूनही आले अशा थाटात.

"ओब्बाकीनऽ?" (एकटीच?) गाडेवालीनं मला विचारलं.

मी मान हलवली. तिनं न मागता आणखी दोन भजी माझ्या कागदावर ठेवली. ती खाताना मला मनापासून लाज वाटली. पण खाल्ली.

बेट्टाच्या पायऱ्यांवर त्या दोघी घरच्या जिन्यासारख्या चढल्या. मी दर वळणावर निसर्ग बघायला थांबत होते. "निधान बर्री" (हळू या), सरोजक्का वरून प्रेमानं ओरडायच्या. त्याहून हळू येणं मला शक्य नव्हतं.

माथ्यावर वारा होता. खाली तळं, हुबळीची घरं, धारवाडकडं जाणारा रस्ता. पश्चिमेला धूसर निळी रेघ होती, माझी वाट तिकडंच जात होती. ती बघून मी सगळी नाटकं सोडून विचारलं, "आत्या, खरं सांगू? मला भीती वाटते ग. थांबू का मी?"

आत्या पेरू चिरत होती. "थांबायचं असेल तर थांब की. बसस्टँडवर मी येते सोडायला. पण मी थांबवलं असं कुणाला सांगायचं नाही."

मी चावणारे बूट काढून बोटं चोळायला लागले.

"तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता, तू पोचायच्या आधीच," ती पेरूची फोड पुढं करत म्हणाली. "म्हणाला, ती तुमच्याकडून थांबवून घ्यायला येतेय. तेवढं करू नका."

पेरू गोड होता. मला मात्र हुंदका आला, आणि सरोजक्कांना वाटलं मीठ-तिखट जास्त झालं. त्यांनी पाण्याची बाटली दिली.

दुसऱ्या दिवशी आत्यानं जोळद रोट्टी (ज्वारीच्या कडक भाकऱ्या), शेंगदाण्याची चटणी आणि पेढे असं ओझं सायकलला बांधलं. फाटकाशी तिचा हात माझ्या दंडावरून निघेना. तोंडानं मात्र ती "जा" म्हणत होती. मी रडतखडत, चढावर सायकल ढकलत आणि उतारावर ब्रेक दाबून धरत गोकर्णाला पोचले. समुद्र दिसला तेव्हा पहिल्यांदा सावलीला जागा शोधली आणि झोपले.

परतताना मिरजेच्या स्टँडवर हे आले होते. बसच्या टपावरून सायकल उतरवून घेतली आणि सवयीनं चाक दाबून पाहिलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"फोनच्या नकाशावर तुझा ठिपका दिसत होता. हल्याळचा रस्ता सोडून धारवाडकडं वळलीस."

"मग मला का नाही फोन केलात?"

ते सायकल हातात धरून चालू लागले होते. थांबले.

"तू रडली असतीस," ते म्हणाले, "आणि मी गाडी घेऊन तुला आणायला आलो असतो."